गोव्याहून सासवन्याला: शिल्पकाराचं घर बघायला जाताना

दिवाळी झाली, हवा जरा कोरडी पडली की मला फोन यायला लागतात. ‘बाई, ते करमरकरांचं घर बघायचंय, कसं जायचं? पोरांना नेलं तर चालेल ना?’ मी माशेलला शाळेत चित्रकला शिकवली आणि सासरी गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, त्यामुळे माती-रंगाचं काहीही निघालं की लोक माझ्याकडेच वळतात. दरवेळी तेच तेच सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आधी ओळख. अलिबाग तालुक्यात, मांडव्याच्या धक्क्यापासून जवळच सासवने नावाचं गाव आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे नानासाहेब, १८९१ साली तिथे जन्मले. त्यांचं घर आणि कामाची जागा हेच आता संग्रहालय आहे. दीडशेच्या आसपास शिल्पं घरात आणि आवारात मांडलेली आहेत. घरच्या माणसांनी ती जपली म्हणून आज तुम्हाआम्हाला दिसतात.

‘गोव्यात इतके चित्रकार झाले, मग एवढ्या लांब कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. पण आपले बहुतेक मोठे चित्रकार कामासाठी बाहेर पडले. आंतोनियो शावियर त्रिंदाद सांग्याचे, त्यांची हयात मुंबईत गेली. आमच्या शेजारच्या जुव्यातले आंजेलो द फोन्सेका पुण्यात राहून रंगवत राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईहून लंडनला आणि तिथून न्यूयॉर्कला गेले. चित्रं कधीतरी गोव्यात परत येतात. ज्या खोलीत ती रंगवली ती खोली काही परत येत नाही. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लोटलीला राहिले, पण ते घर म्हणजे घरच आहे, म्युझियम नव्हे. त्यांची चित्रं बघायची असतील तर पर्वरीला तोर्ड्यात मारिओ गॅलरी आहे, तिथे जा. लोटलीच्या फाटकाबाहेर सेल्फी काढत उभं राहू नका. करमरकर मात्र कोलकाता, लंडन, मुंबई सगळं करून गावाला धरून राहिले. म्हणून काम आणि कामाची जागा एकत्र बघायची तर सासवन्याची वाट धरावी लागते.

आणि जायचंच तर थोडी तयारी करून जा. ती सगळी गोव्यातच होते, खर्चही फार नाही.

पहिला धडा पणजीत

एक सकाळ काढून फोंताईनासला फुंदासांव ओरिएंत या सांस्कृतिक संस्थेत जा. तिथे त्रिंदादांच्या आणि त्यांची मुलगी आंजेला यांच्या चित्रांचा संग्रह आहे. त्रिंदाद १८७० सालचे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि पुढे तिथेच वर्षानुवर्षं शिकवलं. करमरकर जे. जे.त शिकत होते तेव्हा त्रिंदाद तिथे शिक्षक होते. म्हणजे सांग्याचा मास्तर आणि सासवन्याचा विद्यार्थी एकाच इमारतीत वावरत होते. दोघांचं किती बोलणं झालं असेल ते देव जाणे, पण तिथली शिस्त दोघांच्या कामात दिसते: आधी हाडं, मग मांस, मग कपडा.

तिथे भिंतीवरची सगळी चित्रं बघत सुटू नका. एक व्यक्तिचित्र निवडा, आणि त्या माणसाच्या नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय ते बघा. सावली उजवीकडे असेल तर उजेड डावीकडून आला, हे उघड आहे. आता डोळ्यांतला पांढरा ठिपका शोधा. तो बुबुळाच्या वरच्या कडेला असला तर खिडकी उंचावर होती. सावलीची कड मऊ असली तर उजेड थेट उन्हाचा नव्हता. एवढ्यावरून चित्रकाराच्या खोलीतली खिडकी तुम्ही मनात उभी करू शकता. चित्रकारांना उत्तरेचा उजेड का हवा असतो तेही इथे कळतं: आपल्याकडे उत्तरेच्या खिडकीतून वर्षातले बहुतेक महिने ऊन आत शिरत नाही, त्यामुळे सकाळी सुरू केलेली सावली दुपारपर्यंत जागची हलत नाही.

ही सवय लागली की मग कुठल्याही कलावंताच्या घरात शिरलात तरी पहिली नजर खिडकीकडे जाते, आणि तशीच जायला हवी.

दुसरा धडा चित्रशाळेत

हा धडा श्रावणातच घेता येतो, म्हणून आधीपासून डोक्यात ठेवा. माशेल, कुंभारजुवे, डिचोली, कुठलीही चित्रशाळा चालेल. बहुतेक ठिकाणी कोणी हाकलत नाही. चपला बाहेर काढा, मूर्तींच्या मधून पिशव्या घासत फिरू नका, आणि डोळ्यांची आखणी चालू असेल तर बोलू नका. आमचे मामंजी आखणीला बसले की घरात मिक्सरसुद्धा लावायचा नाही, असा नियम होता.

बघायचं ते मातीचं काम. चिकण माती भिजवून, तुडवून, खडे काढून लोण्यासारखी केलेली असते. बैठक आधी, मग पोट, मग हात. सोंड शेवटाकडे, कारण ओली सोंड स्वतःच्याच वजनाने खाली येते. तिला आधार देऊन ठेवतात. काम अर्ध्यावर थांबलं तर ओलं फडकं गुंडाळून ठेवतात, नाहीतर बोटं आधी सुकतात आणि पोट ओलं राहतं, मग मनगटाला चीर पडते. अंगठ्याने गाल दाबला की तिथे अंगठ्याची रेघ उमटते, ती ओल्या ब्रशने पुसतात. माझे दीर पुसत नसत, पाठीमागे तशीच ठेवत. ‘भटजींना दिसत नाही, देवाला चालतं,’ म्हणायचे.

आता फरक लक्षात घ्या. आपला गणपती मातीचा घडतो आणि मातीचाच पाण्यात जातो. शिल्पकाराची माती मधल्या मुक्कामापुरती असते. आत तारांचा किंवा सळ्यांचा सांगाडा, त्याला आर्मेचर म्हणतात. त्यावर माती चढवून मूर्ती पुरी करायची. मग तिच्यावर प्लास्टरचा साचा घ्यायचा. साचा सुटा करून आतली माती खरवडून काढायची. म्हणजे महिनाभर घडवलेलं मूळ काम स्वतःच्या हाताने मोडायचं! उरतो तो पोकळ साचा. त्यात प्लास्टर किंवा सिमेंट भरायचं, नाहीतर पुढे ब्राँझच्या ओतकामाला पाठवायचं. आपण बघतो ते शिल्प त्या मातीचं दुसरं नाहीतर तिसरं रूप असतं.

म्हणून सासवन्याला प्रत्येक शिल्पापुढे पहिला प्रश्न हाच: हे कशाचं आहे? प्लास्टर, सिमेंट की धातू? करमरकरांनी सिमेंटमध्ये भरपूर काम केलं, आणि मला त्यांचं तेच काम सगळ्यात जवळचं वाटतं. ब्राँझला भट्टी लागते, कारागीर लागतात, आणि पैसे देणारं गिऱ्हाईक लागतं. ते बहुधा एखाद्या राजाचा किंवा पुढाऱ्याचा पुतळा मागतं. सिमेंट घरच्या आवारात कालवता येतं. कोकणच्या पावसात टिकतं. कोणी न मागता कोळणीचं, हमालाचं, जनावराचं शिल्प करायचं तर सिमेंटच परवडतं. पण सिमेंट माफ करत नाही, एकदा धरलं की धरलं. सोंड जरा डावीकडे घे, असं मातीला सांगता येतं. सिमेंटला छिन्नी लावावी लागते.

वाट

सगळ्यात सोयीची वाट रात्रीच्या कोकणकन्येची. मडगाव, करमळी किंवा थिवीला बसा, पहाटे मुंबईला सीएसएमटीला उतरा, टॅक्सीने गेटवे ऑफ इंडियाला जा आणि मांडव्याची लाँच धरा. तासाभरात मांडवा. तिथून सासवने रिक्षाने जवळच आहे. समुद्रावरून जाताना पोरं खूश असतात आणि मोठ्यांना चहा मिळतो, त्यामुळे रात्रीच्या प्रवासाची कुरकुर तिथेच संपते.

लाँच लागणाऱ्यांनी पनवेलला उतरावं आणि पेण, वडखळ करत एसटीने अलिबाग गाठावं. अलिबागहून किहीम, आवास करत किनाऱ्याकडच्या रस्त्याने वर सासवन्याला येता येतं. स्वतःची गाडी काढली तर मुंबई-गोवा हायवे आहेच. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्याने त्याने आपली कंबर बघावी.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी रो-रो बोट आहे, पण तीही हवामान बघून सुटते. माझं मत विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जा. ऊन तिरपं असतं आणि शिल्पाला तिरपं ऊन लागतं. मे महिन्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की आवारातलं प्रत्येक शिल्प सपाट दिसतं.

निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. हे घर आहे, तिथली माणसं सांभाळणारी आहेत. पन्नास जणांची बस न कळवता दारात उभी करू नका. मोठा गट असेल तर दोन-तीन तुकड्या करा. एक आत, बाकीचे समुद्रावर.

दारातून आत

आत गेल्यावर लगेच शिल्पांच्या नावांच्या पाट्या वाचायला लागू नका. आधी आवारात फिरा. अष्टागरातली, म्हणजे अलिबागकडच्या या किनारपट्टीतली, वाडी आपल्याला परकी वाटत नाही: माड, सुपारी, खाऱ्या वाऱ्याचा वास. मग बाहेर सिमेंटची म्हैस आहे, तिच्यापाशी थांबा. गोव्यातल्या माणसाने तर थांबायलाच हवं, कारण म्हैस कशी बसते ते आपल्याला शिकवावं लागत नाही. मागून बघा, बाजूने बघा, उकिडवे बसून तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या. बसलेल्या जनावराचं वजन जमिनीला कुठे टेकतं, मागचा पुठ्ठा कसा वर राहतो, मानेची कातडी कुठे सैल पडते, ते एकेक तपासा. हाडं कुठे आहेत ते बाहेरून कळतं का? कळत असेल तर शिल्पकाराने ती आतून बसवली आहेत. आमच्या शेजारच्या आजी तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, ‘दूध देत असेल गो हीं.’ एवढी नेमकी समीक्षा मी कुठल्या कॅटलॉगमध्ये वाचलेली नाही.

घरात शिरल्यावर तीन शिल्पं निवडा. सगळी बघितलीत तर कुठलंच लक्षात राहणार नाही. मी सांगते त्यातलं एक ‘शंखध्वनी’ असावं. शंख फुंकणारी आकृती आहे. तिच्यापुढे उभे राहून तुम्हीही शंख फुंकल्यासारखा श्वास भरून घ्या, लाजू नका. आता तुमचं पोट कुठे गेलं, बरगड्या कशा उचलल्या गेल्या, मानेच्या शिरा कशा ताणल्या, हे आधी स्वतःच्या अंगात पडताळा आणि मग शिल्पात शोधा. मुलांना हा खेळ फार आवडतो. एका मुलाने मला विचारलं, ‘टीचर, इथे श्वास सोडलाय की अजून आत आहे?’ हा खरा प्रश्न. त्यावर पाच मिनिटं वाद घालू द्या.

दुसरं ‘मत्स्यगंधा’. ते बघताना मासळीबाजार आठवा. म्हापशाच्या नाहीतर माशेलच्या बाजारातली बाई टोपली घेऊन उभी राहते तेव्हा भार कुठल्या पायावर असतो, दुसरा गुडघा किती सैल असतो, हे आपण रोज बघतो आणि कधीच नीट बघत नाही. तिसरं तुमच्या मनाने निवडा.

निवडलेल्या प्रत्येक शिल्पाची पाठ बघा. चेहरा सगळेच नीट करतात. खांद्याची दोन हाडं, कमरेचा खळगा, टाचा, इथे शिल्पकार सापडतो. कानामागे, काखेत, हाताच्या आतल्या बाजूला पुसटशी उंच रेघ दिसते का शोधा. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे ती येते. बहुतेक वेळा घासून काढलेली असते. कुठे राहिली असेल तर ती चूक समजू नका, शिल्प कसं घडलं त्याची ती खूण आहे.

हात लावू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. सिमेंट आणि दगड टणक दिसतात म्हणून लोकांना वाटतं चालतं. आपल्या तळहाताचं तेल वर्षानुवर्षं एकाच जागी लागत गेलं की तिथे काळपट चकाकी येते, प्लास्टरवर तर डागच पडतो. देवाच्या पायांचं ठीक आहे, इथे नको. फोटो काढण्याआधी विचारा. मुलांच्या हातात फोनऐवजी वही आणि ४बी पेन्सिल द्या, आणि ‘पूर्ण काढ’ असं सांगू नका. फक्त एक हात किंवा एक कान काढायला सांगा. वीस मिनिटं शांतता मिळते, हा वरचा फायदा.

खिडक्यांकडे बघायला विसरू नका. कुठला उजेड कुठल्या शिल्पावर पडतो, दुपारी तो कुठे सरकतो. शक्य झालं तर सकाळी एकदा आणि जेवून परत एकदा तेच शिल्प बघा.

सांभाळणाऱ्या माणसांशी बोला. पण ‘याची किंमत काय असेल हो?’ हा प्रश्न घरीच ठेवून जा. त्यापेक्षा विचारा: हे कुठे बसून केलं? समोर कोण बसलं होतं? गावातलं कोण? सिमेंट कुठून यायचं? अशा प्रश्नांना उत्तरं देताना माणसाचा आवाज बदलतो. एका वेगळ्या शहरात, एका कलावंताच्या घरी, आम्हाला नेमलेला गाइड इतका बोलत होता की आमचं बघायचंच राहिलं. इथे तसं होऊ द्यायचं नसेल तर आधी गप्प राहून बघा, मग विचारा.

मुलांना सांगायला एक गोष्ट जवळ ठेवा. नानासाहेब लहानपणी भिंती रंगवत. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते तेव्हाचे कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी बघितलं, आणि या मुलाला मुंबईला जे. जे.त पाठवण्याची व्यवस्था केली. तिथे त्याने लॉर्ड मेयो पदक मिळवलं. भिंत घाण केली म्हणून ज्या पोरांना घरी बोलणी बसतात त्यांना ही गोष्ट विशेष आवडते. पालकांना कमी आवडते.

पुढे पुण्याला

एखादा दिवस जास्त असेल आणि पुण्यात कोणी नातेवाईक असेल, तर परत येताना शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये करमरकरांचा अश्वारूढ शिवाजी बघून या. १९२८ सालचा, ब्राँझचा, एकसंध ओतलेला. भिंतीवर महाराज काढणाऱ्या पोराने पस्तिशी-सदतिशीत केलेले हे महाराज. शाळेचं आवार आहे, तेव्हा विचारून आत जा. सासवन्याची म्हैस बघितलेली असली की इथल्या घोड्याच्या छातीचे आणि मांडीचे स्नायू लगेच वाचता येतात, म्हणून हा क्रम उलटा करू नका. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९६७ साली ते गेले, एवढं पुण्यातल्या भाच्यांना सांगायला पुरे.

ज्यांना पुणं जमणार नाही त्यांनी अलिबागला संध्याकाळ काढावी. ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. भरतीची वेळ विचारूनच निघा. हंगाम असेल तर बाजारात पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या दिसतात. सासूबाई मला दर वेळी शिल्पांबद्दल अवाक्षर न विचारता ‘कांदे हाडलेस?’ एवढंच विचारतात, तेव्हा आणाच. माळ गाडीत आडवी ठेवू नका, टांगून आणा.

परतीचं रिझर्व्हेशन जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळी मुंबई गोव्याला निघालेली असते आणि त्या गर्दीत तुम्हाला मांडवी एक्सप्रेसमध्ये बसायलाही जागा मिळायची नाही. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बरा. फक्त आपल्या गावची जत्रा कधी आहे ते आधी बघून घ्या, नाहीतर तिकीट काढल्यावर घरातूनच रद्द करायला लावतील.